जबाबदारी आणि इतर बेवारस वस्तू

मराठी माणसाला सरकारी नोकरी मिळत नाही, ही ओरड आता बंद व्हायला हवी. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आणि पुढे बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत ज्याच्या खिशात लोकलचा पास आहे, त्या प्रत्येकाला सरकारने केव्हाच अंतर्गत सुरक्षेच्या कामावर घेतलं आहे. परीक्षा नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. नेमणुकीचं पत्र फलाटावरच्या भोंग्यातून तीन भाषांत वाचून दाखवतात: आजूबाजूला लक्ष ठेवा, संशयास्पद इसम दिसल्यास कळवा, बेवारस वस्तूला हात लावू नका. पगार नाही, रजा नाही, आणि कामावर हजर व्हायचं भाडंही आपणच आगाऊ भरायचं.

नागरिक हेच आमचे डोळे आणि कान, असं फलकांवर लिहिलेलं असतं. वाचून ऊर भरून येतो, मग हळूच शंका येते. डोळे आमचे, कान आमचे, तर गृहखात्याकडे स्वतःचं असं काय उरलं? तोंड उरलं. ते प्रत्येक हल्ल्यानंतर सगळ्या वाहिन्यांवर दिसतं.

आता या नोकरीतली कामाची परिस्थिती बघा. सकाळी आठच्या सुमाराची जलद लोकल डोंबिवलीत येते तेव्हा ती भरूनच आलेली असते. सुरक्षा कर्मचारी, म्हणजे तुम्ही-आम्ही, दोन्ही हात वर करून आत शिरतो. ते नंतर घाटकोपरपर्यंत खाली घेता येत नाहीत. बॅग हातोहाती रॅककडे रवाना होते. रॅकवर एकावर एक रचलेल्या काळ्या बॅगा असतात, निम्म्यांवर एकाच आयटी कंपनीचं नाव. त्यांच्यापैकी बेवारस कोणती? मालकाच्या नजरेच्या टप्प्यात नसलेली वस्तू बेवारस मानायची तर रॅकवरची प्रत्येक बॅग बेवारस आहे, आणि दिव्याला बसणारे दोघं बेवारस आहेत, कारण त्यांच्या गटाने त्यांना ओळख दाखवणं सोडलंय. संशयास्पद इसमाचं म्हणाल तर आमच्या डब्याने आपली व्याख्या ठरवली आहे. जो दार अडवत नाही, चौथ्या सीटवर बसलेल्याला ढोसत नाही आणि उतरणाऱ्याला आधी उतरू देतो, असा माणूस दिसला तर ताबडतोब कळवावं. आपल्यातला नाही तो.

स्टेशनात शिरताना धातुशोधक चौकट असते म्हणे. असते ना. स्टेशनात शिरायच्या वाटा भरपूर, त्यांतल्या एखाद्या वाटेवर ती उभी असते. माणूस गेला की वाजते, छत्री गेली की वाजते, काहीच गेलं नाही तरी मधूनमधून वाजते. ती वाजल्यावर काय करायचं याचा आदेश बहुधा अजून निघायचा आहे.

नोकरी जोखमीची आहे हे मात्र कोणी लपवलेलं नाही. १३ मार्च २००३ च्या संध्याकाळी कर्जतला जाणारी लोकल मुलुंडमध्ये शिरत असताना महिलांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात स्फोट झाला. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात. २६ नोव्हेंबर २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, जिथून आमची घरी जायची गाडी सुटते त्या छताखाली, ५८ माणसं गेली. त्याच वर्षी ४ जूनला ठाण्यात गडकरी रंगायतनच्या वाहनतळावर बॉम्ब फुटला आणि सात जण जखमी झाले. निमित्त होतं ‘आम्ही पाचपुते’ नावाचं नाटक. नाटकाने भावना दुखावल्या म्हणून हा समाचार, असं तपासात निघालं आणि २०११ मध्ये दोघांना शिक्षा झाली. म्हणजे ठाणेकराने गाडी सोडून नाट्यगृहात आसरा घ्यावा, तर तिथेही बंदोबस्त होताच, फक्त उलट्या बाजूचा. दहशतवादाला धर्म नसतो असं आपण म्हणतो. निष्काळजीपणाला तर पक्षही नसतो.

२००८ सालाबद्दल मात्र मला अलीकडे हळवं व्हायला होतं. तेव्हा हल्ल्यानंतर राजीनामे देत असत! केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले. सप्टेंबरात दिल्लीतल्या स्फोटांच्या संध्याकाळी त्यांनी तीनदा कपडे बदलले यावर देशभर चर्चा झाली होती. मोठ्या शहरांत असे छोटे प्रसंग घडायचेच, अशा अर्थाचं बोलून राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले. उद्ध्वस्त ताज हॉटेल पाहायला जाताना सोबत चित्रपट दिग्दर्शक नेल्यामुळे मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. लोकांना वाटलं, चला, कोणीतरी किंमत मोजली. आमच्या डब्यात निवृत्तीला टेकलेले एक बँकवाले काका आहेत. ते तेव्हाच म्हणाले होते, “ही किंमत नव्हे हो, मुदत ठेव आहे.” आणि ठेवी मुदतीआधीच मोडल्या. मे २००९ मध्ये विलासराव केंद्रात अवजड उद्योग मंत्री झाले. नोव्हेंबरात आर. आर. आबा पुन्हा त्याच गृहखात्यात आले. जानेवारी २०१० मध्ये शिवराज पाटील पंजाबचे राज्यपाल झाले. तिघेही आज हयात नाहीत, आणि आताच्या पिढीच्या तुलनेत भले वाटतात, कारण निदान ठेव ठेवण्याची रीत त्यांनी पाळली.

त्याच नोव्हेंबरच्या हल्ल्यात गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांचं बुलेटप्रूफ जॅकेट कुठे गेलं, हा प्रश्न त्यांच्या पत्नीला माहितीच्या अधिकारात विचारावा लागला. जॅकेट हरवलं होतं. तुकाराम ओंबळ्यांच्या हातात तर लाठीच होती. त्यांनी कसाबची रायफल छातीशी धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला. वरून धोरण येईपर्यंत खाली पोलिसाच्या छातीवर भागवायचं, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे.

न्यायाचं वेळापत्रक तर उपनगरी गाड्यांनाही लाजवणारं. २००६ च्या साखळी स्फोटांत १८० हून जास्त लोक गेले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार धावत सर्वोच्च न्यायालयात गेलं. तीन दिवसांत तिथून उत्तर मिळालं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका, मात्र सुटलेल्यांनी तुरुंगात परत जायची गरज नाही. म्हणजे आजमितीस कायद्याच्या दृष्टीने ते बॉम्ब कोणी ठेवले? कोणीच नाही. आणि ते बारा जण खरोखरच निर्दोष असतील, तर त्यांच्या आयुष्याची एकोणीस वर्षं कोणी घेतली? तीही कोणीच नाही. भोंग्यावर एवढं सांगून टाका म्हणजे झालं: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, अकरा जुलै दोन हजार सहाचा न्याय आपल्या नियोजित वेळेपेक्षा एकोणीस वर्षे उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

बातमी आधी मिळायला हवी, असं तज्ज्ञ सांगतात. मिळते की. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या नावाखाली इराकला गेले आणि आयसिसला जाऊन मिळाले; त्यांच्या घरच्यांनीच पोलिसांकडे धाव घेतली तेव्हा यंत्रणेला जाग आली. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याजवळच्या बोरिवली गावाचं नाव मुलुंडच्या स्फोटाच्या खटल्यात आलं होतं. वीस वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, एनआयएने तिथे पहाटे छापे घातले आणि सांगितलं की आरोपींनी गावाला ‘अल शाम’ असं नाव देऊन स्वतंत्र प्रदेशच जाहीर करून टाकला होता. हायवेपासून हाकेच्या अंतरावर राज्य स्थापन होतं आणि राज्य सरकारला पत्ता नाही! यात नवल वाटणाऱ्यांनी डोंबिवली परिसरातल्या त्या ६५ इमारती आठवाव्यात, ज्या बनावट कागदपत्रांवर उभ्या राहिल्या, विकल्या गेल्या, कर्जं घेऊन लोक राहायलाही आले, आणि पालिकेला मजल्यावर मजला चढताना दिसला नाही. ज्यांना अख्ख्या इमारती दिसत नाहीत, त्यांना एक पिशवी दिसावी असा आग्रह धरणं दुष्टपणाचं आहे.

आणि मग २२ एप्रिल २०२५. पहलगामच्या बैसरन पठारावर २६ माणसं मारली. महाराष्ट्रातली सहा, त्यांपैकी तीन डोंबिवलीची, एकमेकांच्या नात्यातली, बायकामुलांसमोर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना भागशाळा मैदानात आणलं तेव्हा तिथे जमलेले लोक नेत्यांच्या गाड्या बघायला आलेले नव्हते. त्यानंतर गावाने बंद पाळला, आणि तो पाळायला कोणाला दगड घेऊन फिरावं लागलं नाही.

दिल्लीत २४ एप्रिलला सर्वपक्षीय बैठक झाली. तिथे सांगितलं गेलं की ते पठार सुरक्षा यंत्रणेला न कळवता पर्यटकांसाठी खुलं केलं गेलं होतं. घोडेवाल्यांना माहीत होतं. चहा-भेळवाल्यांना माहीत होतं. रील टाकणाऱ्यांना माहीत होतं, सहली नेणाऱ्यांना माहीत होतं, मारेकऱ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या सरकारला, जे गेली काही वर्षं काश्मीर आता निर्धास्त झाल्याचं आम्हाला पटवत होतं.

पुढे ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर झालं. त्याच दिवशी देशभरात २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत भोंगे वाजवायचा सराव होता; दिवे घालवायच्या सरावात आम्ही राज्यात पहिले येऊ, कारण आमच्याकडे तो पावसाच्या पहिल्या सरीपासूनच सुरू होतो. २८ जुलैला श्रीनगरजवळ पहलगामचे तीन हल्लेखोर मारले गेले. जवानांनी काम चोख केलं, यात वाद नाही. वाद इतकाच, की हल्लेखोर मारल्याचं श्रेय घ्यायला संसदेत रांग लागली, पण ते आलेच कसे, या प्रश्नाला सरकार शांतपणे वळसा घालून गेलं. श्रेय कधी बेवारस सापडत नाही. जबाबदारी नेहमी सापडते, आणि बेवारस वस्तूला हात लावू नये ही सूचना प्रवाशांपेक्षा मंत्र्यांनी जास्त मनावर घेतलेली आहे. अपवाद म्हणून जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलैत एका मुलाखतीत सांगितलं, सुरक्षेत चूक झाली, पूर्ण जबाबदारी माझी. ऐकून कान तृप्त झाले. जबाबदारी घेतली आणि खुर्चीवर उशीसारखी ठेवून ते पुन्हा कामाला बसले.

मग उरतं ‘मुंबई स्पिरिट’. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या भरून जातात त्याचं कौतुक. ते स्पिरिट बनतं डोंबिवलीत, भरतं ठाण्यात, आणि विकलं जातं मुंबईच्या नावावर. दुसऱ्या दिवशी कामावर का गेलात, असं आमच्या गटाला कोणी विचारलं असतं तर एकमुखाने उत्तर आलं असतं की बिनपगारी रजा लागली असती. पण शौर्याला मस्टरचा पुरावा द्यावा लागतो हे कोणाला छापायचं नव्हतं.

या सगळ्यात भोंग्याचं म्हणणं मनापासून पाळणारा एकच माणूस मला माहीत आहे, ते वर सांगितलेले बँकवाले काका. गेल्या पावसाळ्यात, ठाणे ते कल्याणच्या मधल्या एका स्टेशनात, त्यांना पुलाच्या शेवटच्या पायरीवर एक काळी बॅग दिसली. आजूबाजूला कोणी नाही. काकांनी हात लावला नाही. मोबाइल काढला. १३९ वर गाडीचा नंबर मागितला. काका म्हणाले, गाडी नाही, पायरी आहे. मग त्यांनी १५१२ लावला, मग ११२.

आता ही पायरी समजून घेतली पाहिजे. रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण करणारं दल केंद्राचं. फलाटावरचे गुन्हे नोंदवणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे. बाहेरचा रस्ता ठाणे पोलीस आयुक्तालयाचा. आणि पूल कधी रेल्वेचा, कधी पालिकेचा, कधी वरचा अर्धा एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा. पहिली खाकी आली, बॅग पाहिली आणि म्हणाली, “ही रेल्वेची मालमत्ता नाही.” दुसरी म्हणाली, “आमची हद्द वरच्या पायरीपर्यंत.” तिसरी म्हणाली, “आमची खालच्या डांबरापासून.” बॅग नेमकी मधे. कोणीतरी पालिकेला कळवलं, तिथून विचारणा झाली की बॅग फेरीवाल्याची आहे का? कारण स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाला नको असा न्यायालयाचा आदेश आहे, तेव्हा असेल तर पथक पाठवू. हे बोलणं चालू असताना दोन्ही बाजूंना बसलेले फेरीवाले अत्यंत आस्थेने ऐकत होते. श्वानपथक ठाण्याहून निघालं होतं आणि कल्याण-शिळ रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलं होतं. तोवर पाच-पन्नास माणसं बॅगेभोवती गोल करून व्हिडिओ काढत उभी राहिली, कारण बॉम्ब असेल तर लांबून नीट दिसला नसता.

तेवढ्यात वडापाव खात एक तरुण आला आणि बॅग उचलली.

“कोणी हलवली ही? माझा तिसरा नंबर होता!”

बॅग शेअर रिक्षाच्या रांगेत नंबर लावून ठेवलेली होती. पावसामुळे रांग पुढे शेडखाली सरकली, बॅग मागे राहिली. ताबडतोब रांगेतल्या लोकांचं न्यायमंडळ बसलं, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि दोन मिनिटांत त्याला तिसरा नंबर परत मिळाला. आमच्या भागात इतक्या लवकर लागलेला हा एकमेव निकाल.

गर्दी पांगली. काकाही निघाले, तर एका खाकीने हटकलं.

“तुम्ही कुठे चाललात? आधार कार्ड आहे? ही बॅग पहिल्यांदा तुम्हीच पाहिली ना?”

“हो, मीच कळवलं.”

“इतकी माणसं वरून गेली, कोणाला दिसली नाही. तुम्हालाच बरी दिसली? आणि पाऊण तास तिच्याशेजारी उभे राहून काय करत होता?”

काकांनी जबाब लिहून दिला, झेरॉक्ससाठी पुन्हा पूल चढून पलीकडे गेले, दोन ठिकाणी सह्या केल्या, ऑफिसात अर्धा दिवस भरला. त्या तारखेच्या संशयास्पद इसमांच्या नोंदीत एकच नाव आहे, वय ५९, राहणार डोंबिवली पूर्व.