स्वर्गाच्या दारातल्या आरशास

प्रति,
मा. आरसेराव,
स्वर्गाचं दार, मु. पो. लेम्पुयांग, जि. कारांगासेम, बाली.

स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट उशिरा झाली. त्याआधी चार महिने आपलं कर्तृत्व आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं: दुभंगलेल्या दगडी दरवाजाचे दोन उंच खांब, मधोमध आगुंग पर्वत आणि पायाशी काचेसारखं नितळ तळं. ‘काचेसारखं’ हा शब्द माझाच. ती उपमा नसून निव्वळ माहिती होती, हे कळायला विमानाची दोन तिकिटं काढावी लागली.

बेटावर उतरताच दीड लाख भरले. परदेशी पाहुण्यांवर २०२४ पासून बसवलेला कर. दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठ-नऊशे रुपये. पण आकडा ऐकून हिचा हात आधी मंगळसूत्राकडे गेला. कुटाच्या किनाऱ्यावर लाटांनी प्लास्टिकचा खच आणून टाकला होता. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की असंच होतं, असं ड्रायव्हर म्हणाला. दादर चौपाटी पाहिलेल्यांना त्याचं काय अप्रूप! आम्ही मुळी आपल्यासाठी आलो होतो.

उबुडहून पहाटे तीनला निघालो. गाडीतळावरून शटलने वर, कमरेला सारोंग, हातात टोकन: १८७. तेव्हा ४१ चालू होता. पासबुक भरून घ्यायला बँकेत बसावं तसे आम्ही मंडपात तीन तास बसलो. समोर एकेक जोडपं दरवाजात उभं राही, ‘नेक्स्ट पोझ!’ अशी आरोळी आली की उडी मारी आणि खाली येई. आमच्या शेजारून पांढऱ्या कपड्यांतल्या बायका डोक्यावर नैवेद्याच्या टोपल्या घेऊन वर चालल्या होत्या. खरं मुख्य देऊळ डोंगरमाथ्यावर, सुमारे १,७०० पायऱ्या चढून. तीन तासांत जाऊन येता आलं असतं. रांगेतलं कुणीही गेलं नाही; एरवी दर रविवारी सिंहगड चढणारा मीसुद्धा नाही. नंबर गेला असता ना!

शेवटी नंबर आला. ‘तळं कुठे आहे?’ मी विचारलं. स्टुलावरच्या फोटोवाल्याने माझा मोबाइल घेतला आणि त्याच्या खिशातून आपण निघालात. हाताच्या पंजाएवढे. एका कोपऱ्याचा टवका उडालेला, पाठीला चिकटपट्टी. त्याने आपल्याला शर्टाच्या बाहीला पुसलं, लेन्सखाली आडवं धरलं, आणि जिथे कोरडी फरशी होती तिथे तळं भरलं.

धन्य आहात! आमच्या न्हाणीघरातला आरसा गेली वीस वर्षं रोज सकाळी खरं बोलून माझा अपमान करतो. आपल्या खानदानात इतकी थाप मारणारा कुणी निपजेल, असं त्या बापड्याला स्वप्नातही वाटलं नसेल.

आणि आगुंग? १९६३ साली हजाराहून जास्त माणसांचा बळी घेणारा, २०१७ मध्ये बालीचा विमानतळ बंद पाडणारा हा ज्वालामुखी त्या दिवशी ढगांत दडून बसला होता. त्यामुळे आमच्या फोटोत वर पांढरं काहीच नाही, आणि खाली आपल्या कृपेने तेच काहीच नाही उलटं. चार पोझ, जेमतेम एक मिनिट. तीनांत हिचे डोळे मिटलेले. चौथ्यात मी हवेत आहे. पोट मात्र जमिनीकडे निघालेलं.

फसवणुकीची तक्रार करायची म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण आपण कुणाला फसवलंत, याचा हिशेब नीट लागेना. तो चौथा फोटो मी त्याच रात्री घरच्या ग्रुपवर टाकला. परतल्यावर बाबांनी चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन तो पाहिला.

“पाणी किती खोल असेल रे तिथे?”

“कमरेइतकं,” मी म्हणालो.

आपला,
टोकन क्रमांक १८७