प्रभारी कसे व्हावे?

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. पण इथली बदली म्हणजे शिक्षा, हे साहेबलोकांच्या मनातून काही निघाले नाही. बदली रद्द करून आणायला गाड्यांची सोयही उत्तम. विदर्भ एक्स्प्रेस थेट मुंबईची, महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरची. मागे राहिलेल्या खुर्च्यांचा चार्ज तुमच्या गळ्यात पडला, तर पुढील सूचना कामी येतील.

आधी आदेश वाचा. त्यात 'पुढील आदेशापर्यंत' असे लिहिलेले असेल. निश्चिंत राहा, तो आदेश येत नसतो. 'मूळ पदाचा कार्यभार सांभाळून' असेही असेल. म्हणजे सकाळी आमगाव, दुपारी सालेकसा, आणि दोन्हीकडच्या शिपायांना एकच उत्तर पाठ: "सायेब तिकडच्या ऑफिसात आहेत."

मग शिक्का. पदनामाआधी 'प्र.' घालून घ्या. फाइल अडचणीची निघाली, की 'नियमित अधिकारी रुजू झाल्यावर सादर करावी' असा शेरा मारून हे चिलखत पुढे करा. कोनशिलेवर नाव कोरायचे असेल, तेव्हा मात्र 'प्र.' गाळायला कारागिराला आठवणीने सांगा. जागा वाचते.

एक गोष्ट गमतीची नाही. आहरण-संवितरणाचे अधिकार मिळालेत का, हे पहिल्याच दिवशी बघा. नसतील तर पगारबिलावर तुमची सही चालत नाही, बिल कोषागारात जात नाही, आणि बिनपगारी कर्मचारी टेबलाभोवती जमले की तिथे 'प्र.' दाखवून भागत नाही.

उपऱ्यासारखे वाटत असेल, तर वर बघा. जानेवारी 2020 ते जानेवारी 2025 या काळात जिल्ह्याला लाभलेले पालकमंत्री: नागपूरचे अनिल देशमुख, मुंबईचे नवाब मलिक, राहुरीचे प्राजक्त तनपुरे, चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार, गडचिरोलीचे धर्मरावबाबा आत्राम, लातूरचे बाबासाहेब पाटील. पालकमंत्री झेंड्यापुरते येतात, ही इथली जुनी तक्रार. तुम्ही निदान आमगावहून तरी येता.

आणि चुकून एखादा नियमित अधिकारी रुजू झालाच, तर गाफील राहू नका. चार्ज यादीवर त्याची सही घ्या, चहा पाजा, आणि तो खुर्चीत टेकायच्या आत देवरीच्या रिकाम्या पदाचा अतिरिक्त कार्यभार त्याच्या नावे काढून घ्या.