गाठ टोकाची

एसटीच्या छताखालून जाणारी घंटेची दोरी, बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांड्या वर-खाली करणारी दोरी, पडद्याची दोरी, झालंच तर पायजम्याची नाडी. दोरी भोकातून निसटू नये म्हणून या सगळ्यांच्या टोकाला एक गाठ असते आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. ती कामावर होती, हे ती गेल्यावर कळतं. नाडीचं टोक नेफ्यात शिरतं, नेमकी त्याच वेळी घरातली शेवटची सेफ्टीपिन दुसऱ्या कुणाच्या तरी साडीला लागलेली असते.

गाठींच्या बाबतीत आपला विश्वास संख्येवर. दांड्या बसवायला आलेला कारागीर नायलॉनच्या दोरीला एक साधी गाठ मारतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि "काका, आता हत्ती लटकवा" म्हणून स्टूलवरून उतरतो. हत्ती कोणी लटकवत नाही, ओल्या चादरी लटकतात. गुळगुळीत दोरीवर दुसरी गाठ बरेचदा पहिलीवर बसतच नाही, शेजारी बसते. त्यामुळे लांबी वाढते, जाडी तेवढीच राहते. आणि भोकाला लांबीशी काही देणंघेणं नसतं. ते एवढंच बघतं, की ही बया माझ्यातून जाते की नाही.

शिडाच्या बोटीवरच्या लोकांची आवडती म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ. ताण येऊन गेल्यावरही ती सहज सुटते, म्हणून लाडकी. पण साध्या गाठीपेक्षा ती फारशी रुंद नसते, आणि दोरी सैल पडून फडफडत राहिली तर हळूच सुटूनही जाते. दोन वेढ्यांची दुहेरी गाठ याच्या उलट स्वभावाची. एकदा ताण बसला की निरगाठच. मग नखं, दात, सुई सगळं वापरून शेवटी कात्रीच आणावी लागते.

क्लिफर्ड अ‍ॅशली या अमेरिकन चित्रकाराला गाठींचं वेड होतं. 1944 साली आलेल्या त्याच्या ग्रंथात 3800 हून अधिक नोंदी आहेत. 1910 च्या सुमारास कालवं पकडणाऱ्या एका बोटीवर त्याला लांबूनच एक टपोरी, अनोळखी गाठ दिसली. ती कशी मारली असेल, याचा विचार करत त्याने स्वतःच तशी एक गाठ जमवली. पुढे जवळून बघायला मिळालं तेव्हा ती निघाली आठाचीच, पाण्याने भिजून फुगलेली! तोवर नवी गाठ मात्र जन्माला आली होती. शेजारी कोणी जाणकार उभा असता तर "अहो, ती आपली नेहमीचीच आहे, भिजलीये फक्त" असं म्हणून त्याने तो शोध जागेवरच बुडवला असता.

ही गाठ अवघड नाही. मुख्य दोरी ओढल्यावर आवळला जाईल असा सुटा फास करायचा. फासाच्या बुडाशी असलेली गाठ बोटांनी नीट बसवून घ्यायची. दोरीचं मोकळं टोक फासातून पलीकडे काढायचं आणि मग मुख्य दोरी ओढून फास त्या टोकावर बंद करायचा. खालून पाहिलं तर तीन पाकळ्या दिसतात. आठाच्या गाठीला जे भोक आवरत नाही, तिथेही ही अडकून बसते. भोक त्याहूनही मोठं असेल तर आधी दोरीत एक वॉशर ओवावा. टोक मात्र थोडं लांब ठेवायचं. गाठीला लागून कापणारे लोक पुढच्या अपघाताची तारीखच ठरवत असतात.

सह्याद्रीत कड्यावरून दोराने उतरणारे लोक मात्र इतका लाड करत नाहीत. ते दोराच्या टोकाला दोन-तीन वेढ्यांची गाठ मारतात, म्हणजे उतरणारा दोर संपला तरी टोकाबाहेर जात नाही. मग ती सोडवताना बोटं दुखली तरी तिथे कोणाची तक्रार नसते.

म्हणजे गाठ कुठल्या भोकाशी भांडणार आहे आणि ती पुन्हा सोडवायची आहे का, एवढं आधी विचारावं. कड्यावरची ती आडमुठी गाठ नाडीच्या टोकांना खुशाल मारावी, नेफ्याचा प्रश्न कायमचा मिटेल. ती टोकं पोटावर बांधताना मात्र सुरगाठच बरी. तिथे भरवशाची गाठ म्हणजे वेळेवर सुटणारी.