डळमळीचा राखणदार

इंग्लंडात जुन्या कॉम्प्युटरांचा मेळावा भरला की हा गृहस्थ तिथे असतोच. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर, खिशात खोडरबर. पुढ्यात १९८१ सालचा सिंक्लेअर झेडएक्स८१ आणि त्याच्या पाठीला लोंबणारी काळी डबी, म्हणजे १६ केचा रॅम पॅक. मूळ यंत्राची मेमरी अवघी १ के. सुटे भाग आणून घरी जोडलं तर यंत्र ४९.९५ पौंडांना पडे, आणि सुरुवातीला डबीही तेवढ्यालाच! ती मागच्या पट्टीवर नुसती खोचायची. ना स्क्रू, ना खटका. कळ जरा जोरात दाबली की डबी हलणार आणि तासभर खपून टाइप केलेला प्रोग्राम स्वर्गवासी होणार.

‘शिंक येत असेल तर कृपया बाहेर जा,’ हे त्याचं स्वागताचं वाक्य.

यंत्र सुरू करून तो ‘प्रिंट पीक १६३८८ + २५६ * पीक १६३८९’ टाइप करतो. उत्तर ३२७६८ आलं तर १६ के हजर. आज येतं १७४०८. म्हणजे यंत्राला डबी दिसलीच नाही. डबी तिरकी बसलीय हे समोरच्या पोरालाही दिसतं, पण इतक्या जवळून सुरुवात करायची तर मग अनुभव कशाला? तो वीजपुरवठ्यापासून निघतो. डबीतल्या आठ ४११६ चिपांना तीन-तीन दाब लागतात: बारा, पाच आणि उणे पाच व्होल्ट. उणे पाचवर तो फार रेंगाळतो. मला वाटतं, तो आकडा त्याला मनापासून आवडतो. मग पट्टीवर खोडरबर फिरतं. अल्कोहोलने पुसणाऱ्यांचा पंथ त्याला मान्य नाही. संध्याकाळी तो अल्कोहोलकडे वळतो, पण पट्टी पुसायला नव्हे.

‘हल्ली आतच ३२ केची एक चिप बसवता येते. डबीच नको,’ कुणीतरी सुचवतं.

‘मग बिघडणार काय?’ तो खरोखरच गोंधळून विचारतो.

शेवटी डबीखाली ब्लू-टॅकचा गोळा दाबला जातो. त्या पिढीचं हे रामबाण औषध त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त पाळी शेवटी येते. पडद्यावर ३२७६८ उमटतं. टाळ्या पडतात. तो कृतार्थ होऊन वळतो आणि त्या पोराला म्हणतो, ‘हे जोडकाम किती नाजूक असतं, दाखवू?’

आणि डबीला बोट लावतो.