नाव नाही, जागा पक्की

विदा-विश्लेषणाच्या ‘पांडाज’ या संगणकीय लायब्ररीचे जाहीर अभिनंदन करणे आम्ही कर्तव्य समजतो. क्रमवार यादीत नाव शोधायचे तर तिची एक आज्ञा मधोमध बघते, अर्धी यादी फेकते, उरलेलीचे पुन्हा तेच. १० लाख नावांत २० पायऱ्यांत काम फत्ते. यादी मुळात क्रमाने लावली आहे का, हे आपण तपासत नाही, असे तिच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. विस्कटलेल्या यादीतूनही उत्तर येते. बहुधा चुकीचे, पण ठाम. आणि नाव नसले तरी ‘नाही’ असे कडू बोलत नाही. असते तर कितव्या जागी बसले असते, तो आकडा देते.

असा आत्मविश्वास महाराष्ट्राच्या २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत दिसला होता. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले, तरी ऐन दिवाळीत प्रमाणपत्रे वाटून झाली.

तेव्हा यवतमाळच्या सोळाही तालुक्यांत कर्जमाफीच्या यादीला ‘पांडाज’चीच पद्धत लागू व्हावी. दारव्ह्याच्या कापूसवाल्याला रिकाम्या हाती धाडू नये. ‘आपली जागा ४,३१२ व्या ओळीनंतर’ असा सहीशिक्क्याचा कागद द्यावा. बँकेने तो तारण धरावा.

वसुलीची यादी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बोट ठेवून वाचावी.