पत्र नेलं, पत्ता नाही

"वहिनी, शेंगा हव्यात का शेवग्याच्या? घ्या, हात पुरतो तिथवर तोडा. अन् ऐकलं का, किराणावाल्याच्या पोराचं अमेरिकेत अ‍ॅडमिशन झालं म्हणं."

"ते होय? फेब्रुवारीतच झालं की! त्याच्या आईनं हळदीकुंकवात सांगितलं."

"बघा! अख्ख्या अंबाजोगाईला ठाऊक अन् आमच्या ह्यांना नाही. शिफारशीची तीन पत्रं लागतेत, त्यातलं एक ह्यांनी, त्याच्या कॉलेजातल्या सरांनी, दिलेलं. आज मंडईत भाजीवालीकडून कळलं."

"अगंबाई! भाऊजी काय म्हणाले?"

"काय म्हणणार? 'बरं झालं' म्हणाले अन् पेपर तोंडापुढं धरला. पान काही उलटलं नाही."

"पण पत्र म्हंजे काय वो, दोन ओळी अन् सही ना?"

"गेले ते दिवस! आता लिंक येती. कॉलेजच्या ईमेलवरूनच भरायचं. पोरगा वर्गात वरच्या पाच टक्क्यांत का दहा टक्क्यांत, तेबी विचारतेत. जितकी विद्यापीठं तितक्यांदा तेच दळण. डिसेंबरात न्यूयॉर्कला रात्री बाराला मुदत संपती, म्हंजे आपल्याकडं सकाळचे साडेदहा. नेमकी लाइट गेलेली. हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एका बोटानं टाइप करायलेत अन् मी चहा तीनदा गरम करायले."

"पोरगं गडबडीत असंल वो. बँकेचं कर्ज, व्हिसा..."

"असंल की. पण 'सर, इथं झालं, तिथं नाही झालं' एवढं लिहायला किती वेळ लागतो?"

"नाही झालेलं कसं सांगावं? माझ्या पुतण्याला मागच्या साली सगळीकडून नकार आला. भाऊजी दिसले की गल्ली बदलायचा."

"तिथंच तर चुकतंय! हे वर्गात बाबासाहेबांचं सांगतेत. 1916 साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या सेलिग्मन प्रोफेसरांनी लंडनच्या सिडनी वेब नावाच्या विद्वानांना बाबासाहेबांसाठी पत्र दिलं. पुढच्या साली बाबासाहेबांच्या सामानाची बोट टॉर्पेडोनं बुडाली, त्यात प्रबंधाचं हस्तलिखित गेलं. बाबासाहेबांनी 1922 साली सेलिग्मनना लिहून कळवलं, पहिला गेला, नवा लिहिलाय. अन् 1925 ला त्यांचं प्रांतिक वित्तावरचं पुस्तक निघालं, तर प्रस्तावना कुणाची? सेलिग्मनचीच."

"म्हंजे बुडाल्याचंबी सांगितलं!"

"मंग! नकार कळला तर सर पुढच्या साली पत्रात अजून काय घालावं, अर्ज कुठं करावा ते बघतेत. कळलंच नाही तर काय डोंबल बघणार? अन् झालं असंल तर पुढच्या पोराला सांगता येतं, 'आपलं पोरगं तिथं आहे, त्याला विचार.' परदेशी शिकायच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या राज्यभर मिळून 75 जागा. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या घरातल्या लेकरानं तो फॉर्म कुणाला विचारून भरावा? आधी गेलेल्यालाच ना?"

"हे खरंय. मंग कळवावं कधी?"

"निकाल लागंल तसं. अन् पैशासकट बोलावणं आलं असंल तर तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांना 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. त्याच्या आत सरांना विचारावं, कुठं जाऊ म्हणून. नक्की ठरलं की पुन्हा एक मेसेज. अन् पत्र देणाऱ्या तिघांनाबी, नुसत्या मोठ्या नावाच्या सरांना नाही."

"पुतण्या यंदा परत अर्ज करायलाय. आजच पाठवते त्याला भाऊजींकडं."

"पाठवा की. मागच्या सालचं काय झालं ते आधी सांग म्हणावं, मंग नवं पत्र माग. पेढे नकोत, ह्यांना शुगर आहे. नुसतं कळवलं तरी पुरे."