तीस संघांचं वार्षिक भविष्य: नवशिक्यांसाठी सोप्या पायऱ्या

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा नवा हंगाम तोंडावर येतो आणि ज्याला चेंडू टप्पा देत दहा पावलं नेता येत नाही, तोही तीस संघांचं भविष्य सांगायला बसतो. मग आपणच मागे का राहावं? या विद्येला गुरू लागत नाही, पदवी लागत नाही, आणि सामने पाहण्याची तर अजिबात सक्ती नाही. न्यूयॉर्कमधला संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे पाचला आणि थंडीत सहाला सुरू होतो. भविष्यवेत्त्याने त्या वेळी झोपलेलं बरं. सामने पाहिले की शंका येतात, आणि शंका या धंद्याला मारक असतात.

खालच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मधली एखादी गाळली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

पायरी १: बेरीज करू नका

एनबीएत ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने. बरोबरी हा प्रकारच नाही. निकाल लागेपर्यंत जादा वेळ खेळतात. म्हणजे हंगामात १२३० सामने आणि १२३० विजय. त्यात एकाची भर पडत नाही की एक कमी होत नाही. सरासरी काढली तर संघामागे ४१.

नवशिक्याने हे वाचून लगेच विसरावं. कारण भाकीत करताना मन मोठं होतं. समजा तुम्ही दहा संघांना ५५ विजय दिले, कारण ते दिसतातच तसे. बारा संघांना ४४, कारण ते बरे आहेत. आणि उरलेल्या आठांना दयाबुद्धीने ३०. बेरीज होते १३१८. वरचे ८८ विजय आणायचे कुठून, हा प्रश्न बेरीज करणाऱ्यालाच पडतो. न करणारा सुखी. प्रत्येक संघ ‘यंदा सुधारणार’ असं लिहिता येतं ते याच कृपेमुळे. आणि हरायला कोण शिल्लक राहिलं, हे वाचकही विचारत नाही.

पायरी २: गेल्या वर्षीची वही झाकून ठेवा

एक जुनं, रटाळ आणि बऱ्यापैकी चालणारं सूत्र आहे. संघाचे गेल्या हंगामातले विजय घ्या, ते ४१ पासून किती दूर आहेत ते पाहा आणि त्यातलं साधारण पाव अंतर कापा. गोल्डन स्टेट वॉरियर्सने २०१५-१६ मध्ये ७३ सामने जिंकून विक्रम केला (आणि अंतिम फेरीत ३-१ अशी आघाडी घेऊन क्लीव्हलँडकडून विजेतेपद घालवलं). सूत्र म्हणतं, पुढच्या वर्षी ६५. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे केव्हिन ड्युरँट आला, तरी विजय भरले ६७. अख्ख्या जगाने नवा विक्रम होणार म्हणून डोकं खाल्लं असतानाही पाव अंतर कापणारा दोनानेच चुकला.

पण अशा सूत्राने नाव होत नाही. नाव होतं ते अपवादाने. डेट्रॉइट पिस्टन्स २०२३-२४ मध्ये ओळीने २८ सामने हरले आणि ८२ पैकी १४ जिंकले. सूत्राने त्यांना पुढच्या वर्षासाठी २१ दिले असते. त्यांनी जिंकले ४४. हे उदाहरण पाठ करा. कुठल्याही गाळातल्या संघाबद्दल उगाच आशा दाखवायची असेल तेव्हा ते काढावं. गाळात गेले आणि गाळातच राहिले अशा संघांची नावं घेऊ नयेत.

गुणफरकाकडेही ढुंकून पाहू नका. संघ सरासरी किती गुणांनी जिंकतो किंवा हरतो, यावरून त्याची खरी पत कळते. ढोबळमानाने सामन्यामागे एका गुणाची आघाडी म्हणजे हंगामात ४१ च्या वर अडीच-पावणेतीन विजय. एखाद्याचे विजय यापेक्षा बरेच जास्त भरले असतील, तर त्याने शेवटच्या क्षणी एक-दोन गुणांनी बरेच सामने मारलेले असतात, आणि ते नशीब दरवर्षी घरी येत नाही. आपण मात्र त्याला ‘जिंकण्याची सवय’ म्हणायचं.

पायरी ३: उन्हाळ्यातली प्रत्येक बातमी खरी माना

जुलैत लास व्हेगासला समर लीग होते. तिथे नवखी पोरं नवख्या पोरांविरुद्ध खेळतात. एखाद्याने तिथे तीस गुण केले की त्याला भावी महापुरुष घोषित करावं. ऑगस्टमध्ये रिकाम्या जिममधले व्हिडिओ येतात: खेळाडू लांबून एकामागून एक चेंडू टाकतोय, सगळे जाळीत. समोर अडवायला कोणी नाही, हे लक्षात घ्यायचं नाही. सप्टेंबरच्या अखेरीस सगळे पत्रकारांपुढे बसतात आणि प्रत्येक जण सांगतो की आपली तब्येत आयुष्यात इतकी चांगली कधीच नव्हती. साडेचारशे माणसं एकाच आठवड्यात आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत असतात, असा योग वैद्यकशास्त्रात अन्यत्र आढळत नाही.

मग सराव सामने. तारखा ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, स्थळ वरळीचा एनएससीआय डोम: इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रॅमेंटो किंग्ज, भारतातले पहिले एनबीए सामने. दोन्ही पेसर्सने जिंकले, पहिला तर जादा वेळेत एका गुणाने. त्यावरून वरळीत बसून पुढच्या हंगामाचं भाकीत ज्याने केलं असेल, त्याने पेसर्सना वर आणि किंग्जना खाली ठेवलं असेल, आणि तसंच झालंही. फक्त त्या दोन रात्री पाहून ११ मार्च २०२० ला साथीमुळे अख्खा हंगाम थांबेल, उरलेले सामने ऑरलँडोत डिस्नेच्या आवारात प्रेक्षकांविना होतील आणि विजेता पुढच्या ऑक्टोबरात ठरेल, हे कुणाला दिसलं नाही. किरकोळ तपशील.

पायरी ४: मोठी नावं मोजा, वयं मोजू नका

ही पायरी सर्वात लोकप्रिय आहे. तीन बडे खेळाडू एका संघात आले की विजेतेपद लिहून टाकायचं. पुरावा म्हणून बॉस्टन सेल्टिक्स. २००६-०७ मध्ये त्यांनी २४ सामने जिंकले. पॉल पिअर्सच्या जोडीला केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन आणले, आणि पुढच्या वर्षी ६६ विजय आणि विजेतेपद.

इथेच थांबावं. पुढे वाचलं तर २०१२ चे लॉस एंजेलिस लेकर्स भेटतात. कोबी ब्रायंट आणि पाउ गॅसॉल होतेच. स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आले. दुसऱ्याच सामन्यात नॅशचा पाय मोडला, पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक माइक ब्राउन यांना नारळ मिळाला, एप्रिलमध्ये कोबीच्या टाचेमागची ॲकिलिस नस तुटली. विजय ४५, आणि प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियोकडून चार सामन्यांत चार पराभव.

त्याच्या पुढचं पान आणखी बोलकं आहे. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने तेच गार्नेट आणि तेच पिअर्स घेतले. एक सदतीस वर्षांचा, दुसरा पस्तीस ओलांडत आलेला. बदल्यात बॉस्टनला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतले तीन हक्क दिले, शिवाय एका वर्षी हक्कांची अदलाबदल करण्याची मुभा. ब्रुकलिनचे विजय ४४. बॉस्टनला त्या व्यवहारातून पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि २०२४ चं विजेतेपदही. नावं तीच, फक्त मधे सहा वर्षं गेली होती. बास्केटबॉलपटूचा भराचा काळ सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असतो, हे भविष्यवेत्त्याने कुणाला सांगू नये.

पायरी ५: गुडघ्यांचा विषय टाळा

८२ सामने, साधारण पावणेसहा महिने, सतत विमानप्रवास, कधी लागोपाठ दोन रात्री खेळणं. मोठे खेळाडू मधूनच विश्रांती घेऊ लागले म्हणून २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी निदान ६५ सामने खेळण्याची अट घालावी लागली. फिलाडेल्फियाने २०२४ च्या उन्हाळ्यात पॉल जॉर्जला आणलं आणि कागदावर संघ भक्कम झाला. त्यांचा मुख्य खेळाडू जोएल एम्बीड त्या हंगामात १९ सामने खेळला. विजय २४.

२०२५ च्या प्लेऑफमध्ये तर एप्रिलमध्ये डेमियन लिलार्ड, मेमध्ये टेटम आणि जूनमध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात टायरीस हॅलिबर्टन, तिघांचीही ॲकिलिस तुटली. तीन संघांचं पुढचं वर्ष तीन टाचांनी ठरवलं. कुठल्याही तक्त्यात टाचांसाठी रकाना नसतो. म्हणून ‘निरोगी राहिल्यास’ हे दोन शब्द प्रत्येक वाक्याला जोडावेत. चुकलात तर तेच वाचवतील.

पायरी ६: आपल्या माणसाला झुकतं माप द्या

वरळीत खेळून गेलेल्या सॅक्रॅमेंटो किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले. आडनाव वाचूनच मराठी वाचकाच्या मनात पाच-सात विजय वाढतात. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने संघ घेतला तेव्हापासून हे प्रेम महागात पडत आलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा हक्क असताना किंग्जने मार्विन बॅगलीला निवडलं. तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला. हा संघ सलग सोळा हंगाम प्लेऑफला मुकला, एनबीएच्या इतिहासातला सर्वात लांब उपास. तो २०२२-२३ मध्ये सुटला, ४८ विजयांनी. प्रशिक्षक? लेकर्सने पाच सामन्यांत घरी पाठवलेले तेच माइक ब्राउन. त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

आता पायरी २ मधलं सूत्र चोरून लावून पाहा. ४८ नंतर ४६ यायला हवेत. आले ४६. पण ‘आपला’ संघ आता पन्नाशी गाठणार असं लिहिणाऱ्यांचीच तेव्हा चलती होती. त्यापुढच्या वर्षी ४० झाले आणि ब्राउन यांना हंगाम मध्यावर येण्याआधीच पुन्हा नारळ.

पायरी ७: लॉटरीचं श्रेय घ्या

२०२४ च्या जूनमध्ये डॅलस मॅव्हरिक्स अंतिम फेरीत होते. पुढच्या फेब्रुवारीत एका रात्री त्यांनी आपला प्रमुख खेळाडू, तोच डॉन्चिच, लेकर्सला देऊन टाकला, विजय ३९. मग मेमध्ये ड्राफ्टमधला क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक त्यांनाच लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. ऑक्टोबरात ‘डॅलसला वर्षअखेर मोठा लाभ’ असं ज्याने लिहिलं असेल, तो खरा ठरला. लाभ कसला, हे लिहायची गरज नव्हती.

पायरी ८: भाषा राशिभविष्याची ठेवा

आकडे चुकतात, भाषा चुकत नाही. खालचा नमुना कुठल्याही संघाला जसाच्या तसा लावता येतो:

‘संघाला हे वर्ष संमिश्र जाईल. डिसेंबरात प्रवासाचे योग. पायांची काळजी घ्यावी. जुन्या सहकाऱ्यांशी मतभेद संभवतात. फेब्रुवारीत अनपेक्षित घरबदल. वडीलधाऱ्यांचे गुडघे कुरकुरतील, तरुणांकडून शुभवार्ता. प्रमुख खेळाडू निरोगी राहिल्यास मजल लांबची. न राहिल्यास ड्राफ्टमध्ये धनलाभ.’

शिवाय प्रत्येक संघाबद्दल ‘हंगामानंतरही खेळताना दिसेल’ असं ठोकून द्यावं. दोन्ही विभागांतले पहिले सहा थेट प्लेऑफला जातात आणि सातवा ते दहावा क्रमांक उरलेल्या जागांसाठी प्ले-इन सामने खेळतात. म्हणजे तीसपैकी वीस संघ कसेही खरे ठरतात. एवढे गुण न अभ्यास करता दुसऱ्या कुठल्या परीक्षेत मिळतात?

पायरी ९: फक्त धीटांसाठी

वरच्या आठ पायऱ्या चढलात की तुम्ही जाणकार म्हणून मिरवायला मोकळे. एप्रिलमध्ये कुणी जाब विचारत नाही, कारण एप्रिलमध्ये ऑक्टोबर कुणाच्या लक्षात नसतो. सारा डोलारा त्यावर उभा आहे.

तुम्हाला खरोखर शिकायचं असेल तर रस्ता एकच आहे. वहीच्या एका पानावर तीस संघांची नावं लिहा. प्रत्येकापुढे एक आकडा. ‘निरोगी राहिल्यास’ नाही, ‘संमिश्र’ नाही. बेरीज १२३० येईपर्यंत खोडा आणि पुन्हा लिहा. एकाला पाच विजय वाढवायचे तर ते कुणाच्या ताटातून काढले तेही ठरवा. खाली तारीख घाला, सही करा आणि पानाचा फोटो अशा मित्राला पाठवा ज्याला तुमचं चुकणं आवडतं. बरेचसे आकडे चाळिशीच्या आसपास घुटमळतील आणि पान कंटाळवाणं दिसेल. दिसू द्या. एप्रिलच्या मध्यावर ८२ वा सामना झाला की दोघांनी बसून ते पान तपासा. आणि त्यावर पैसे लावू नका.